'शोनीन' मराठीत आणताना

प्रिय मित्रा,

जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' या कथासंग्रहातल्या निवडणुकीच्या कथेत 'शोनीन' या आयरिश शिवीसाठी तू 'चमचे' लिहिलंयस. शिवी अर्धीच उतरली.

आधी शब्द फोडून बघ. आयरिश लोकांचा घरचा 'जॉन' म्हणजे 'शॉन'. 'शोन' हे इंग्रजांच्या 'जॉन'वरून आलेलं रूप, आणि इथे त्याचा रोख जॉन बुलकडे, म्हणजे इंग्रजाकडे. पुढचा '-ईन' लहानपण दाखवतो. अरुंद गावरस्त्याला 'बोरीन' म्हणतात, तोच हा प्रत्यय. आपल्या 'राम्या'त लाड असतो नि हेटाळणीही. 'शोनीन'मध्ये फक्त हेटाळणी उरते. छोटा इंग्रज. पण जन्माने आयरिश! खऱ्या इंग्रजाला ही शिवी लागूच होत नाही.

म्हणून 'चमचा' अपुरा: त्यात लाचारी आहे, नक्कल नाही. 'बाटगा' नको, त्यात धर्मांतर येतं. शोनीन खुशाल कॅथलिक राहतो. 'काळा साहेब' तर डब्लिनमध्ये हास्यास्पदच, दोघेही गोरेच की! मी 'साहेबडा' सुचवेन. 'कवी'चा 'कवडा' होतो, त्याच चालीवर. 'शोनीन' तसाच ठेवून तळटीप दिलीस तर शिवी मेली. ती वाचताक्षणी लागायला हवी.

आता तोंड कुणाचं ते बघ. कथेत हाइन्स हे पात्र गवंडी उमेदवाराची बाजू घेताना किताबवाल्यांपुढे टोपी हातात धरून उभे राहणाऱ्यांना हा शब्द वापरतो. ती टोपी तशीच ठेव, 'मुजरा' करू नकोस. जॉइसच्याच 'युलिसिस' कादंबरीत (1922) 'सिटिझन' नावाचं पात्र स्वतःची भाषा न येणाऱ्यांना शोनीन म्हणतं. तिथे 'इंग्रजाळलेले' लिहायचा मोह होईल. आवर, ते वर्णन झालं, शिवी नव्हे. शिवाय हा गृहस्थ बोलतो बहुतेक इंग्रजीतच, बसलाय लिटल ब्रिटन स्ट्रीटवरच्या दारूच्या गुत्त्यात, आणि पितो दुसऱ्याच्या पैशाने. जॉइसने शिवी त्याच्यावरच उलटवली आहे. तुझं मराठी तिथे फार तडफदार झालं, तर वाचक त्याला देशभक्त समजून बसेल.

'डब्लिनर्स'च्या शेवटच्या कथेत, 'द डेड'मध्ये, मिस आयव्हर्स गेब्रिएलला 'वेस्ट ब्रिटन' म्हणते. तिथे 'साहेबडा' वापरू नकोस. तो टोमणा निष्ठेवर आहे: आयर्लंड म्हणजे ब्रिटनचा पश्चिम भाग असं मानणारा. शिवाय ती नाचता नाचता, कानात कुजबुजत बोलते. आवाज खाली ठेव.

दुरुस्त पानं पाठव.