वाहनविषयक प्रश्नोत्तरे : पूरपट्ट्यातील जुनी मोटार घेताना

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि नोकरीसाठी रोज आष्ट्याला ये-जा करतो. २०१४ सालची, ९५ हजार किलोमीटर चाललेली मारुती स्विफ्ट डिझेल पाहिली आहे. येथील गावभागात राहणारे मालक तिचे दुसरे मालक आहेत. सकाळी पहिल्यांदा चालू करताना इंजिनातून काही सेकंद खडखड येते आणि चढाला काळा धूर निघतो. डिझेलमध्ये एवढे चालायचेच, असे मालक म्हणतात. गाडी घ्यावी का, आणि दुरुस्तीला किती खर्च येईल?

उत्तर : खडखड आणि धूर यांकडे नंतर वळू. आधी हे विचारा, की ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कोठे उभी होती. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते, आणि दोन्ही पुरांत गावभागात पाणी शिरले होते. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, सीटकव्हरे बदलून विकायला काढली, की वरवर काहीच कळत नाही. इंजिन उघडून साफ करता येते, परंतु वायरिंगच्या कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या खोबणीत) शिरलेल्या पाण्याने आतल्या पिना हळूहळू हिरव्या पडत जातात, आणि पुढे कधी काचा वर होत नाहीत, कधी एअरबॅगचा दिवा पेटून राहतो, तर कधी गाडी रस्त्यातच बंद पडते. असे दोष मेकॅनिकला एका फेरीत सापडत नाहीत, आणि प्रत्येक फेरीचे पैसे मात्र द्यावेच लागतात.

त्यामुळे गाडी दिवसाउजेडी पाहावी. चारही सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून काढावेत. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तो सहसा कोणी धूत नाही, आणि पुराच्या गाळाची मातकट रेघ तेथेच उरते. पुढच्या सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीत स्टेपनीच्या खालच्या खोलगट भागात गाळ साचला आहे का, हे बोट फिरवून पाहावे. या मॉडेलमध्ये एअरबॅग असतील, तर किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळीच पेटला नाही, तर कोणी तरी जाणूनबुजून काढला असण्याची शक्यता आहे. जुन्या विमा पॉलिसीही मागून घ्याव्यात. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) पुरानंतरच्या नूतनीकरणात शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी दावा झाला होता, असे बहुधा समजावे आणि तो कशाचा होता ते विचारावे. बोनस वाचवणारे जादा कलम घेतलेले असेल, तर मात्र या खुणेवर विसंबता येत नाही.

यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र आढळल्या, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ही गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी कोरडी राहिलेली असेल, तर सकाळच्या खडखडीचा विचार करता येईल. या १२४८ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर राखणारा पट्टा) नसून चेन असते आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदलले नाही, की चेन आणि टेन्शनर झिजतात, आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत सैल चेन वाजते. मालकांचे ‘चालायचेच’ येथे मान्य करू नये. चेन दात सोडून सरकली, तर रॉकर आणि व्हॉल्व्ह तुटून हेड उघडावे लागते. चेन किटला मजुरीसह बाहेरच्या गॅरेजमध्ये साधारण १२ ते १८ हजार रुपये धरावेत आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी.

काळ्या धुराची तपासणी स्वस्त कारणापासून सुरू करावी : आधी एअर फिल्टर, मग काजळी धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप), मग टर्बोच्या पाइपला चीर. एवढ्यावर भागले, तर खर्च चार-पाच हजारांत आटोपतो. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे मात्र तसे नाही, कारण ते चार असतात आणि नवा एकेक १० हजारांच्या पुढे जाऊ शकतो. व्यवहारापूर्वी डिझेल पंपाच्या कामातील मेकॅनिककडून परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्यावी : चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन चालू ठेवतात, आणि ज्या बाटलीत डिझेल अधिक साचते तो इंजेक्टर झिजलेला असतो.

१ एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या, तरी हे इंजिन इतक्या गाड्यांत बसले होते, की सुट्या भागांची चिंता नसावी. या गाडीची नोंदणी २०२९ पर्यंतची आहे. त्यानंतर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च येईल, तोही आजच हिशेबात घ्यावा.

प्रश्न : साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढताना माझ्या जुन्या पेट्रोल मोटारीचे इंजिन जोरात फिरते, पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. फक्त क्लच प्लेट बदलली तर चालेल का?

उत्तर : प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच एकदमच बदलावा. कोणताही एक भाग बदलायचा, तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि मजुरी तीच पडते. गिअरबॉक्स खाली असतानाच फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर) जळाल्याचे निळसर डाग किंवा चरे आहेत का, ते स्वतः पाहून घ्यावे. पुढे चढावर थांबताना हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून न ठेवता हँडब्रेक लावावा.