लिंक्डइनवरच्या गोड मेसेजबद्दल
अरे आर अँड डीत नवीन आहेस म्हणून सांगतो, लिंक्डइनवर कोणी अनोळखी एकदम गोड बोलायला लागलं की लगेच हुरळून जाऊ नकोस. हेर असंच जाळं टाकतात. पूर्व जर्मनीच्या हेरखात्याचा प्रमुख मार्कुस वोल्फने गुपितं काढायला देखणे पुरुष पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या राजधानीतल्या, बॉनमधल्या, एकट्या सेक्रेटऱ्यांच्या मागे लावले होते, साहेबांच्या नाही हं, कारण कागद टाइप कोण करतं तर सेक्रेटरी! आणि 2023 ला पुण्यात डीआरडीओच्या (सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या) लॅबचा डायरेक्टरच एटीएसने उचलला, आरोप हाच, गोड बोलण्याला भुलून गुप्त माहिती दिल्याचा. सुरुवात कधीच फाइलपासून होत नाही रे, आधी तुझा बॉस कसा छळतो ते ऐकून घेतात, मग सहज विचारतात सध्या कशावर काम चालू आहे. समोरची व्यक्ती व्हिडिओ कॉल टाळते आणि प्रोजेक्टचं मात्र खोदून विचारते, तर सरळ सिक्युरिटीला सांग, लाजू नकोस.