अकरा माळा होतात, पण मन शांत होत नाही

"एवढी पूजाअर्चा करूनही मन शांत का होत नाही? माझी श्रद्धाच कमी पडते का?" हा प्रश्न समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांकडून मी वारंवार ऐकते. बहुतेक वेळा तो पहिल्या भेटीत येत नाही. आधी झोप, ॲसिडिटी, चिडचिड यांविषयी बोलणे होते आणि संकोच गळून पडल्यावर हा प्रश्न बाहेर येतो. पुढे दिलेली हकीगत संबंधित ताईंच्या संमतीने लिहिली आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या ताई नाशिकमध्ये सिडको भागात राहतात. वय पन्नाशीच्या पुढे, पती अंबडच्या एका कारखान्यात पाळीने कामाला आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला आहे आणि त्यांचे सारे काही ताईच पाहतात. सासूबाईंचे माहेर गोदावरीकाठच्या पंचवटीतले, आणि नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रात्री दोन-अडीचला त्या उठतात, पदर खोचतात आणि "गंगेवर जायचंय, उशीर झाला" असे म्हणत दाराची कडी काढू लागतात. त्यांची समजूत घालून त्यांना पुन्हा निजवेपर्यंत चार वाजतात, आणि साडेचारला ताईंचा जप सुरू होतो.

पूर्वी त्या रोज एक माळ जपत असत. सासूबाईंचे दुखणे वाढले तेव्हा नात्यातल्या कोणीतरी अकरा माळांचा संकल्प सुचवला आणि ताईंनी तो केला. त्यासाठी वेळ काढायचा म्हणून कॉलनीतल्या भजनी मंडळात जाणे बंद केले आणि गोविंदनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मैत्रिणींबरोबर होणारे संध्याकाळचे फिरणेही थांबवले. काही महिन्यांत छातीत धडधड सुरू झाली, हातून भांडी पडू लागली, आणि एकदा सासूबाईंवर हात उगारला गेला. हात खाली आला नाही, पण त्या क्षणापासून आपल्यावर देवाची अवकृपा झाली आहे, अशी त्यांची खात्री पटली.

धडधडीची तक्रार असली की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, कारण थायरॉईड, रक्तक्षय किंवा हृदयाचा विकार मनाच्या खात्यावर मांडून चालत नाही. ताईंचे अहवाल ठीक आले, रक्तदाब मात्र थोडा वाढलेला होता. त्यानंतर आम्ही आठवड्याभराच्या झोपेची नोंद ठेवली. सलग तीन तासांहून अधिक झोप एकाही रात्री मिळालेली नव्हती. प्रौढ माणसाला साधारण सात तासांची झोप लागते. ती महिनोन्‌महिने मिळाली नाही, तर एकाग्रता ढळते, राग लवकर येतो आणि नाहक भीती वाटू लागते. जपात मन न लागण्याचे पहिले कारण इथे होते, आणि त्याचा श्रद्धेशी काहीही संबंध नव्हता.

शुश्रूषेचा हा भार शरीरावर कसा उतरतो, हे दाखवणारे एक छोटेसे संशोधन 1995 साली अमेरिकेत झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या 13 स्त्रियांच्या आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रियांच्या हातावर सारख्याच आकाराची लहानशी जखम करण्यात आली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. हे सांगितल्यावर ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत तर."

स्वतःची काळजी घ्यायला सांगितले की आपल्याकडच्या स्त्रियांना तो स्वार्थ वाटतो, म्हणून मी तो शब्द फारसा वापरत नाही. रात्रीची व्यवस्था बदलू या, एवढेच म्हटले. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री सासूबाईंजवळ पती झोपतील, असे ठरले. त्यांना एका भेटीला बोलावले तेव्हा ते म्हणाले, "हिनं कधी सांगितलंच नाही," आणि ते खरेही होते. नाशिकरोडला राहणाऱ्या नणंदेने आठवड्यातल्या दोन दुपारी येण्याचे कबूल केले. सासूबाईंची दुपारची झोप कमी केली, सकाळी त्यांना गॅलरीत उन्हात बसवू लागले, रात्री मंद दिवा ठेवला आणि दाराला घुंगरू बांधले. "गंगेवर जायचंय" याला "अहो आई, रात्र आहे, कसली गंगा" असे उत्तर दिले की त्या अधिकच बिथरत. त्याऐवजी "उजाडलं की दोघी जाऊ, आता जरा पडा" असे म्हणायला सुरुवात केली. काही रात्री याचा उपयोग झाला, काही रात्री नाही.

भजनी मंडळाकडे परत जायला मात्र ताई तयार नव्हत्या. "सासू आजारी आणि ही टाळ कुटत बसली, असं लोक म्हणतील," ही भीती त्यांना होती, आणि ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या शहरात मंडळांना तोटा नाही, परंतु प्रत्येक मंडळ आधार देतेच असे नाही. उत्सव आला की महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला बोलावणारे आणि एरवी विचारपूसही न करणारे मंडळ थकलेल्या बाईच्या कामात भरच घालते. म्हणून मी एकच विचारले, "तुम्ही दोन गुरुवार आला नाहीत, तर कोण फोन करायचं?" त्यांनी चार नावे लगेच सांगितली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे सामाजिक नाते घट्ट होते, त्यांची दीर्घकाळ जगण्याची शक्यता लक्षणीयरीत्या जास्त आढळली. ही चार नावे मला मोलाची वाटली ती त्यामुळे. नणंद येण्याच्या दोन दुपारींपैकी एक गुरुवारची ठेवली आणि ताई पुन्हा भजनाला जाऊ लागल्या. त्या चौघींपैकी एकीच्या वडिलांना हाच आजार होता, हे त्यांना तिथेच कळले. तिने सांगितलेल्या युक्त्या माझ्या सल्ल्यांपेक्षा अधिक उपयोगी पडल्या.

राहिला जपाचा प्रश्न. कोणाचाही संकल्प सोडवण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो, आणि श्रद्धेची थट्टा करणारा समुपदेशक त्या माणसाला कायमचा गमावतो. मी फक्त विचारले की पूर्वी एक माळ जपताना कसे वाटायचे. "देवाशी बोलल्यासारखं. आता आकडा पुरा होतो की नाही याचीच धास्ती असते," असे त्या म्हणाल्या. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी धर्माचा आधार घेण्याच्या पद्धतींत एक भेद दाखवला आहे. देव सोबत आहे या भावनेतून केलेली प्रार्थना संकटात बळ देते, तर देव शिक्षा करतो आहे ही भावना त्रास वाढवते. ताई पहिलीकडून दुसरीकडे सरकल्या होत्या. जपाचा शरीरालाही लाभ होतो. 2001 मधील एका इटालियन अभ्यासात माळेवरची प्रार्थना आणि मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असे आढळले, आणि या संथ लयीचा हृदयाच्या कामावर चांगला परिणाम दिसला. झोपेशी झगडत अकरा माळा ओढताना ती लय टिकणे कठीणच.

संकल्पाविषयी त्यांनी त्यांच्या घरी येणाऱ्या गुरुजींना विचारावे, असे मी सुचवले. गुरुजींनी आजारी माणसाची सेवा हीच पूजा धरावी, एक माळ पुरेशी आहे आणि जमेल तेव्हा मानसपूजा करावी, असे सांगितले. हेच मी सांगितले असते, तर त्यांना ते पटले नसते.

प्रार्थनेने आणि सोबतीने सर्वांचेच भागते असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेनासा झाला किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक असते. जिल्हा रुग्णालयातही ती सोय असते, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. ताईंना औषधांची गरज पडली नाही.

त्यांची धडधड आता क्वचित होते. पतीची पाळी बदलली तेव्हा मधला एक महिना सगळी घडी विस्कटली होती आणि ती पुन्हा बसवावी लागली. सासूबाईंचा आजार पुढे सरकतोच आहे. सध्या आम्ही महिन्यातून एकदा भेटतो आणि वेगळ्याच गोष्टीवर बोलतो. सासूबाई गेल्यावर सुटल्यासारखे वाटेल का, आणि तसे वाटले तर ते पाप ठरेल का, हे त्यांना माझ्याशी आणि देवाशीही बोलायचे आहे.