पीपीएफ काढून शोलावरमची पद्मिनी घ्यावी का?

नमस्कार दादा,

बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय 46, कोल्हापुरात फाउंड्रीत मेंटेनन्सला, हातात महिना 95 हजार, हप्ता धरून घरखर्च 65 हजार, एसआयपी 15 हजार, एफडी 4 लाख, मुलगी अकरावीत. पीपीएफचे 11 लाख मार्चमध्ये मॅच्युअर होतायत आणि नेमकी आत्ताच इचलकरंजीत एका शेडमध्ये 1974 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट कार सापडलीय, म्हणे शोलावरमला, चेन्नईजवळच्या जुन्या ट्रॅकवर, रेसमध्ये पळालेली, आत रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हर वाचावा म्हणून पाइपांचा सांगाडा), मागची सीट गायब, गिअर स्टिअरिंगवरून काढून खाली आणलेला. मालक अडीच लाख सांगतोय, वर साडेतीन लाख खर्च, घरामागच्या पत्र्याच्या शेडात स्वतः रिस्टोअर करायची आणि पाच वर्षांनी 15 लाखाला विकायची. वहिनी म्हणतायत पीपीएफला हात लावायचा नाही.

वहिनींचं बरोबर आहे. पण गाडी घेऊच नका असंही मी म्हणणार नाही.

आधी ते 15 लाख. हेच 6 लाख पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्याने पाच वर्षं राहिले तर साधारण 8 लाख 45 हजार होतात, टॅक्स फ्री, आणि त्यासाठी एकही रविवार गाडीखाली झोपावं लागत नाही. म्हणजे गाडी साडेआठला गेली तरी तुमची मजुरी शून्य. 15 कोण देईल? ज्याला ही गाडी खरंच शोलावरमच्या त्या महायुद्धातल्या धावपट्टीवर पळाल्याचा पुरावा मिळेल तो. रेसची एन्ट्री, स्क्रूटिनीचे (रेसआधीच्या तपासणीचे) कागद, जुने फोटो, ड्रायव्हरचं नाव, यातलं काही मालकाकडे आहे का? नसेल तर ती फक्त आतून कापलेली 1089 सीसीची फियाट आहे.

आता खरी मेख. 2021 च्या नियमांनी 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नव्या नोंदणीची फी 20 हजार, दहा वर्षांची मुदत. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल, इंजिनात मोठा बदल चालत नाही. तुमच्या गाडीत रोल केज बॉडीला वेल्ड केलाय आणि ताकद वाढावी म्हणून इंजिनाचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलंय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे केज कापला तर रेस कार म्हणून किंमत जाते, ठेवला तर व्हिंटेज नंबर मिळणं अवघड. या कात्रीत गिऱ्हाईकही अडकणार, म्हणून तो भाव पाडणार. शिवाय नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग कव्हर होत नाही, त्यामुळे ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोक रेस ट्रॅकवर गाड्या पळवतात तेव्हा, काही झालं तर खर्च तुमचा.

टॅक्सचं विचारलंय. स्वतःच्या वापरातली कार ही पर्सनल इफेक्ट धरली जाते, त्यामुळे एखादी विकून झालेल्या नफ्यावर सहसा टॅक्स लागत नाही, पण तोटा झाला तर तोही कुठे दाखवता येत नाही.

साडेतीन लाखाच्या यादीत इंजिन, रंग, सीट एवढंच दिसतंय. इंजिनाचं बोअरिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीत होईल, मान्य. पण कॉम्प्रेसर, चेन ब्लॉक, वेल्डिंग सेट, वायरिंग, गंजलेली टाकी, ब्रेक सिलिंडर, काचांची रबरं? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर स्पेअर पार्ट स्वस्तात फिरायचे, 2023 मध्ये शेवटची टॅक्सीही गेली, आता दुकानदाराला माहितीय की मागणारा हौशी आहे. यादीला दीडने गुणा. मी स्वतः एक येझदी मोटरसायकल खोलली होती, सहा महिन्यांत उभी करणार होतो, तीन वर्षं तिचं इंजिन गॅलरीत परातीत पडून होतं आणि नटबोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत, डब्यांवर पेनाने लिहिलेली नावं ऑइलने पुसली गेली आणि शेवटी कुठला बोल्ट कुठला हे मलाच कळेना. तशीच सुट्ट्या भागांत विकली. अर्धवट खोललेल्या गाडीइतकं स्वस्त काही जात नाही बघा.

तर माझं मत असं. पीपीएफ पाच वर्षं वाढवा, मॅच्युरिटीपासून वर्षाच्या आत अर्ज दिला की झालं, मुलीच्या ॲडमिशनला लागले तर त्यातून काही रक्कम काढता येते. एफडीचे 4 लाख म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा खर्च, ते गाडीचे नाहीत. गाडी फक्त दिवाळी बोनसमधून, म्हणजे सव्वा लाखात बसली तर घ्यायची, कागदांची ही अवस्था असताना अडीच मागणं जास्तच आहे. मग महिन्याला 10 हजार, त्याचं वेगळं खातं, खात्यात असेल तेवढंच काम. दीडपट यादीला चार-साडेचार वर्षं लागतील, लागू देत. पर्सनल लोन आणि होम लोनचा टॉप-अप अजिबात नको, एसआयपीही थांबवायची नाही. आणि हे इन्व्हेस्टमेंट म्हणून नका, हौस म्हणा, म्हणजे वहिनींशी बोलणंही सोपं जाईल.

टोकन द्यायच्या आधी एक करा. रविवारी जाताना पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन जा, चासी नंबरवरचा गंज पुसून त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, इंजिन नंबरचंही तसंच, आणि दोन्ही आरसी बुकाशी जुळवून बघा. मालक आरसी "शोधून देतो" म्हणाला तर चहा पिऊन परत या.