मार्चमध्ये दहा-बारा जणांना घेऊन ठाणे खाडीकाठी फुलपाखरं बघायला जायचंय, सुरुवात कुठून करावी?

कांदळवनाच्या कडेचं पिलूचं झाड शोधा, ज्याची दातवणं मिस्वाक म्हणून विकतात तेच. सॅमन अरब नावाचं गुलाबी-केशरी फुलपाखरू त्याच्याच पानांवर अंडी घालतं, त्यामुळे झाड सापडलं की निम्मं काम झालं. पानं उलटून अळ्याही बघा, पण तोडू नका. रुई दिसली तर तिथेही थांबा, बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या मिळतात.

साडेआठच्या आधी जाऊन उपयोग नाही, पंख उन्हात तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत. अकरापर्यंत आटपा. घोळक्याने झुडपावर वाकू नका, सावली पडली की ती उडतात. चार-चारचे गट करा. जाळी तर अजिबात नको. आणि हो, भरतीची वेळ आधी बघून ठेवा.