जुन्या लाकडी स्टीरिओ-टीव्हीच्या कॅबिनेटमध्ये फर्निचर म्हणून ठेवण्यासारखं काय असतं?

तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मामांकडे जुना लाकडी स्टीरिओ पडून आहे, मशीन बंद आहे, लोकांना या कॅबिनेटचं एवढं वेड का, आणि घरी आणून आतलं काढून टाकावं का, इथपर्यंत ठीक होतं. पण 'मिस्टर म्हणतात ते खरं लाकूडच नाही, प्लायवूडवर पापुद्रा चिकटवलाय' हे मी गेली बारा वर्षं ऐकते आहे, आमच्या दादाच्या तोंडून. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आमच्याकडे बाबांचा रेडिओग्राम होता. पाच फुटांच्या आसपास लांब, चार निमुळते पाय, दोन्ही टोकांना स्पीकर आणि त्यांवर जाड विणीचं कापड. वरचं झाकण उचललं की डावीकडे रेकॉर्ड प्लेअर, उजवीकडे रेडिओ. मध्ये दोन दारं, त्यांच्यामागे रेकॉर्डी उभ्या ठेवायचा कप्पा. त्या दोन दारांवर लाकडाच्या रेषा अशा होत्या की दारं उघडी असली तर प्रत्येकावर अर्धा डोळा दिसायचा आणि दारं मिटली की फटीवर दोन अर्धे जुळून एक अख्खा डोळा व्हायचा. लहानपणी मी तो डोळा बोटाने गिरवत बसायचे. बाबा रोज मऊ फडक्याने तो पुसायचे, आणि पुसतानासुद्धा हात रेषांच्या दिशेनेच फिरायचा.

बाबा गेल्यावर घर आवरायला घेतलं. दादाचं म्हणणं होतं, मशीन वाजत नाही, खोका भंगारात द्या. मी म्हटलं, माझ्याकडे येऊ दे. तो तयार झाला, आणि मला बरं वाटावं म्हणून मी दोन दिवस बाहेरगावी असताना त्याने तो 'नवा करून' द्यायचं ठरवलं. घासायचं मशीन आणलं, जाड पॉलिशपेपर लावला आणि झाकणावर फिरवला. जुनं पॉलिश गेलं की आतलं खरं लाकूड उघडं पडेल असा त्याचा हिशोब. उघडं पडलं ते प्लाय. झाकणाच्या पुढच्या कडेला तळहाताएवढा फिकट डाग, रेषा आडव्या, भोवती झिजत गेलेली तपकिरी किनार. मी परत आले तेव्हा दादा त्या डागावर बोट ठेवून म्हणाला, "बघ, खोटंच होतं." जी जागा त्याने स्वतः घासून घालवली, तीच त्याचा पुरावा झाली. तिथपासून आमचा वाद आहे.

तर हा पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, फसवणूक नव्हे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं आणि आकसतं. जितकी रुंद फळी तितकी ही हालचाल जास्त. आता अशा रुंद फळीचं झाकण करा आणि खाली तासन् तास तापणारे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) ठेवा. ती वाकेल, नाहीतर चिरेल. प्लायमध्ये एका थराच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या असतात, थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून तो सपाट राहतो. त्यावर चांगल्या लाकडाचा एक मिलिमीटरहूनही पातळ थर चिकटवायचा, हे त्या कामासाठी भरीव लाकडापेक्षा सरस बांधकाम आहे. आणि तो पापुद्रा खऱ्या झाडाचाच असतो. एका ओंडक्यातून एकामागून एक काढलेले पापुद्रे त्याच क्रमाने रचून ठेवतात. शेजारचे दोन घेऊन पुस्तकाच्या पानांसारखे उघडले की सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच नक्षी आरशातल्यासारखी उमटते. आमच्या दारांवरचा डोळा असाच झालेला होता. भरीव फळ्यांतून इतकी बेमालूम जोडी निघत नाही, कारण करवतीच्या पात्याखाली मधलं बरंच लाकूड भुसा होऊन जातं. ज्याने ते पापुद्रे निवडले त्याने दारं मिटलेली कशी दिसतील याचा विचार केला होता. दादाला हे मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने चहाचा कप उचलला आणि विषय बदलला.

लोकांना या कॅबिनेटमध्ये काय दिसतं, याचं उत्तरही इथंच आहे. ही यंत्रं घरात आली तेव्हा दिवाणखान्यात तारा, काचा आणि बटणं उघडी दिसलेली लोकांना नको होती. म्हणून खोकं बनवायला फर्निचरवाली माणसं बसवली. मर्फी या कंपनीच्या रेडिओंची कॅबिनेट इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात आर. डी. रसेल या फर्निचर डिझायनरने केली, आणि ती बघितली की कळतं की हा माणूस आधी कपाटं-टेबलं करणारा होता. टीव्हीचं तर विचारूच नका. सुरुवातीच्या चित्रनळ्या इतक्या लांब होत्या की आडव्या ठेवल्या तर खोकं खोलीत पुढे आलं असतं. म्हणून काही संचांत नळी उभी बसवली, तोंड वर करून, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा लावला. झाकण तिरकं उघडायचं आणि चित्र आरशात बघायचं. आरसीए या अमेरिकी कंपनीचा १९३९ चा टीआरके-१२ हा टीव्ही असाच होता. बंद केला की नुसतं देखणं कपाट.

स्टीरिओ रेकॉर्डी १९५८ पासून बाजारात रुळल्या आणि ही लांब, बुटकी कॅबिनेट आली, कारण दोन स्पीकर दोन टोकांना लांब ठेवायचे होते. म्हणजे तो डौलदार आडवा आकारही गरजेतून आला. ब्राउन या जर्मन कंपनीने १९५६ मध्येच एसके ४ हा रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर काढला होता, पांढरा पत्रा, दोन बाजूंना लाकडाच्या फळ्या, वर पारदर्शक झाकण, यंत्र सगळं उघडं. त्याचं कौतुक सगळे करतात. मला तो आवडत नाही. पुढे रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, स्पीकर वेगवेगळे घ्यायची पद्धत पडली आणि यंत्र लपवायचं कारणच उरलं नाही. आता टीव्ही भिंतीवर काळा आरसा होऊन बसतो. बंद असला तरी तो बंद टीव्हीच दिसतो. आमचा रेडिओग्राम बंद असला की खोलीत एक चांगली वस्तू असायची. फरक एवढाच आहे आणि मला तो पुरेसा आहे.

आता तुमच्या कामाचं. आतलं काढावं का? वाजण्यासारखं असेल तर काढू नका, हे माझं स्पष्ट मत. दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत. पण दहा-वीस वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावून 'बघू चालतंय का' करू नका. जुने कपॅसिटर (आतले वीज साठवणारे छोटे भाग) बहुधा खराब झालेले असतात, ते फुटू शकतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतात. आधी जाणकाराला दाखवा. आवाज आजच्या वेगळ्या स्पीकरांसारखा मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. एकाच खोक्यात प्लेअर आणि स्पीकर असल्यामुळे खर्जाची थरथर सुईपर्यंत पोचते, म्हणून तर प्लेअर स्प्रिंगवर बसवलेला असतो. आमचा वाजायचा तो उबदार वाजायचा, पण दणकेबाज नाही.

काढायचंच ठरवलं, तर कापू नका. आतला सांगाडा बहुतेक स्क्रूंनीच बसवलेला असतो, तो अख्खा बाहेर काढून जपून ठेवा, म्हणजे पुढे कुणाला परत बसवता येईल. मागचा भोकं पाडलेला हार्डबोर्डही फेकू नका. नवीन अँप्लिफायर आत ठेवणार असाल तर त्याला तीच हवा लागणार आहे.

आणि पॉलिशला हात लावण्याआधी न दिसणाऱ्या जागी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेका. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, नाही झालं आणि थिनरने झालं तर लॅकर. पुष्कळदा रंग लाकडात नसून त्या लॅकरमध्येच मिसळलेला असतो, म्हणून घासलं की पॉलिशबरोबर रंगही जातो. बऱ्याच वेळा नुसती मळी काढून वरून मेण लावलं तरी काम होतं. आमच्या झाकणावर एका वयस्कर सुताराने ठिगळ लावलं. दोन आठवडे तो जुळणाऱ्या रेषांचा पापुद्रा शोधत होता. सांधा मला दिसतो, पाहुण्यांना दिसत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं काही वेळा खरंही असू शकतं. नंतरच्या काळातल्या स्वस्त संचांवर व्हिनिअर नसून लाकडाची नक्षी छापलेला कागद किंवा प्लास्टिकचा थर भुसापाटीवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) चिकटवलेला असतो. नक्षी थोड्या अंतरावर हुबेहूब तशीच पुन्हा आली की समजा छापील आहे. त्यात पाणी गेलं असेल तर पाटी फुगते आणि ती परत बसत नाही, ते घेऊ नका. दुसरं, स्टीरिओऐवजी टीव्ही असेल तर चित्रनळी स्वतः काढू नका. रंगीत संचात नळीवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. नळीत निर्वात पोकळी असते, नळी फुटली तर काच आत कोसळून उडू शकते, आणि त्या काचेत शिसं असतं. तिसरं, कॅबिनेट ब्राझिलियन रोझवूडचं निघालं आणि कधी परदेशी न्यायचं झालं तर कागदपत्रं लागतील, १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. आणि जिन्याची रुंदी मोजा. हे सामान दोन माणसांचं नाही, चौघांचं आहे.

मामांकडे जाल तेव्हा टॉर्च घेऊन जा, झाकण उघडा आणि त्याची कड बाजूने बघा. वर एक पातळ गडद रेघ आणि खाली थर दिसले तर ते व्हिनिअर. मग दारं मिटा आणि फटीवर रेषा जुळतात का ते बघा. मिस्टरांनाही सोबत न्या आणि दारं त्यांना मिटू द्या.