पैसा खात्यात कधी येतो, ते आधी विचारा

दसऱ्यापासून या सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच गोष्टीचे आहेत. स्वतःची वेबसाइट काढली, आता गिऱ्हाइकाचे पैसे कुणामार्फत घ्यायचे? मी संभाजीनगरात राहते. छोट्या दुकानदारांना ऑनलाइन विक्रीची घडी बसवून देणं हेच माझं काम. पत्रं बरीच आहेत, त्यातली सात इथे घेते.

आमची हळद पावडर आहे. वेबसाइटवर महिन्याला शंभरेक ऑर्डरी येतात, सरासरी सहाशे रुपयांच्या. एक कंपनी दोन टक्के कमिशन म्हणते, दुसरी पावणेदोन. ताई, पावणेदोनवालीच घ्यावी ना? (वसमत, जि. हिंगोली)

आधी हिशेब मांडू. महिन्याची विक्री साठ हजार. दोन टक्क्यांनी कमिशन १,२०० रुपये, कमिशनवर १८ टक्के जीएसटी २१६ रुपये, एकूण १,४१६. पावणेदोन टक्क्यांनी हीच रक्कम १,२३९ होते. फरक १७७ रुपयांचा. तेवढ्यासाठी कंपनी ठरवू नका.

खरा फरक दुसरीकडे आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं व्यापारी शुल्क सरकारने शून्य केलं आहे. तरी काही गेटवे कंपन्या, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपन्या, यूपीआयच्या व्यवहारावर ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून पैसे घेतात, काही घेत नाहीत. म्हणून ‘तुमचा दर किती’ असं मोघम विचारूच नका. यूपीआयला किती, रुपे डेबिटला किती, क्रेडिट कार्डाला किती, नेटबँकिंगला किती, असं एकेक विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या. तुमच्या शंभरातल्या सत्तर ऑर्डरी यूपीआयच्या असतील आणि एखादी कंपनी त्यावर काहीच घेत नसेल, तर दोन टक्केवाल्या कंपनीच्या तुलनेत महिन्याला ९९१ रुपये वाचतात. पाव टक्क्याच्या घासाघिशीत हे सुटून जातं.

त्याहून मोठा प्रश्न पैसा हातात कधी येतो हा. मोंढ्यात हळद घेतली की आडत्याला पैसे ठरल्या दिवशी द्यावे लागतात. तो तुमच्या सेटलमेंटची, म्हणजे गेटवेकडून पैसे जमा होण्याची, वाट बघत नाही. गेटवेकडचे पैसे मात्र तुमच्या खात्यात एक, दोन किंवा तीन कामकाजाच्या दिवसांनी येतात. यातला ‘कामकाजाच्या’ हा शब्द महत्त्वाचा. शुक्रवारी रात्रीची विक्री, मध्ये शनिवार-रविवार, सोमवारी सुट्टी, असं झालं की पैसे बुधवार-गुरुवारवर जातात. दिवाळीत दिवसाची विक्री दहा हजारांवर गेली आणि पैसे तीन दिवस मागे चालले, तर तुमचे तीस हजार कायम वाटेतच असतात. त्याच दिवशी पैसे देण्याची सोय असते, पण तिचे वेगळे पैसे लागतात. तेही विचारून घ्या.

अजून एक. गिऱ्हाइकाने माल परत केला आणि तुम्ही पैसे परत दिले, तरी त्या व्यवहाराचं कमिशन सहसा परत मिळत नाही.

आमचा बचत गट आहे. कुरडया, पापड, चिवडा व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी. पैसे माझ्या फोनवर येतात, लोक स्क्रीनशॉट पाठवतात. गेटवे घ्यायलाच पाहिजे का? (धारूर, जि. बीड)

नाही. इतक्या ऑर्डरींना गेटवेची गरज नाही. कुणी एजंट घरी येऊन पाच-सात हजार रुपये ‘सेटअप’चे मागत असेल, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पण दोन गोष्टी लगेच बदला, ताई. पहिली म्हणजे तुमचं घरचं बचत खातं या धंद्यात वापरू नका. सायबर फसवणुकीतला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरत जातो. त्यातलेच पाचशे रुपये देऊन कुणी तुमचा चिवडा घेतला, तर परराज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवू शकते. तुमची काहीही चूक नसताना किराण्याचे, पोरांच्या फीचे पैसेही त्यात अडकतात. गटाच्या नावाचं वेगळं खातं आणि त्यावरचा व्यापारी क्यूआर घ्या. प्रत्येक ऑर्डरीचं साधं का होईना पण बिल करा. उद्या बँकेने विचारलं, तर हे पैसे कशाचे ते दाखवता येतं.

दुसरी गोष्ट, स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खोटा स्क्रीनशॉट बनवणं दोन मिनिटांचं काम आहे. आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा बँकेच्या खात्यात रक्कम दिसली आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक जुळला, की मगच पार्सल बांधायचं. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे गटातल्या प्रत्येकीला तोंडपाठ पाहिजे.

पुढे ऑर्डरी दिवसाला दहावर गेल्या आणि जुळवाजुळवीत संध्याकाळ जायला लागली, की गेटवेचा विचार करा. तेव्हा पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी आणि खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी हाताशी ठेवा. जीएसटीचं म्हणाल, तर राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सहसा लागत नाही. पण हैदराबादला पार्सल पाठवायला लागलात की नियम बदलतो. पापड जीएसटीतून मुक्त आहे, पाकीटबंद चिवडा नाही. तेव्हा पहिलं परराज्यातलं पार्सल बांधण्याआधी सीएला एकदा विचारा.

हातमागावरच्या पैठण्या विकतो. एकेक साडी पस्तीस-चाळीस हजारांची. साडी मिळाल्यावरही गिऱ्हाईक बँकेत तक्रार करून पैसे परत घेऊ शकतं असं ऐकलं. खरं आहे का? अमेरिकेतूनही विचारणा आहे. (पैठण)

खरं आहे. त्याला चार्जबॅक म्हणतात. कार्डधारक आपल्या बँकेला सांगतो, की हा व्यवहार मी केला नाही, किंवा वस्तू मिळाली नाही, किंवा सांगितली तशी नाही. बँक गेटवेकडे येते, गेटवे तुमच्याकडे. रक्कम तुमच्या पुढच्या सेटलमेंटमधून थांबवली जाते आणि पुरावा द्यायला थोडेच दिवस मिळतात. तो ई-मेल न बघितल्यामुळे खरी बाजू असणारे कितीतरी दुकानदार हरतात. गेटवेकडे नोंदवलेला ई-मेल पोराच्या नावाचा असेल आणि पोरगा पुण्याला असेल, तर आजच बदला.

भारतातल्या कार्डावर ओटीपी टाकून झालेला व्यवहार ‘मी केलाच नाही’ म्हणून उलटवणं अवघड असतं. तुमच्यापुढचा धोका ‘सांगितली तशी नाही’ या तक्रारीचा आहे. हातमागाच्या साडीत दोन नग सारखे नसतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर जांभळा रंग निळसर दिसतो. म्हणून पैसे घेण्याआधी त्याच साडीचा उजेडातला व्हिडिओ पाठवा. पदर, काठ, मागची बाजू, सगळं दाखवा. रंग, जर, लांबी लिहून पाठवा आणि ‘मंजूर’ असं उत्तर आल्यावरच पेमेंट लिंक द्या. पार्सल बांधताना व्हिडिओ काढा. कुरिअरची पोच सही किंवा ओटीपीसह घ्या, विमाही उतरवा. ऑर्डर देऊन विणून घ्यायची साडी असेल, तर आगाऊ रक्कम वेगळ्या लिंकवर घ्या आणि ती परत मिळेल की नाही हे त्या लिंकवरच लिहा. हे सगळं एका फोल्डरमध्ये असलं, की चार्जबॅकचं उत्तर अर्ध्या तासात तयार होतं. चार महिने मागावर बसून विणलेल्या साडीसाठी एवढं करायलाच पाहिजे.

कुणी फोनवर कार्डाचा नंबर सांगायला लागलं तर तिथेच थांबवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवून ठेवायला बंदी आहे. वहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठेच नको.

अमेरिकेचं जरा सांभाळून. परदेशी कार्डाला बऱ्याचदा ओटीपी नसतो, म्हणून चोरीच्या कार्डाचा धोका तिथे जास्त. कमिशनही देशातल्यापेक्षा बरंच चढं असतं, आणि परदेशी पेमेंटची परवानगी गेटवेकडून वेगळी घ्यावी लागते. सीमेपलीकडचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र नियम केले. तुमची कंपनी त्यात बसते का ते विचारा. तुम्हाला आयात-निर्यात कोड लागेल आणि पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखलाही. पहिल्या दोन-चार साड्यांना मी तरी थेट बँकेतून पैसे मागवायला सांगेन. गिऱ्हाइकाचा विश्वास बसला की ते तयार होतं.

ठिबकचे सुटे भाग ऑनलाइन विकतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले, माझ्याकडे ऑर्डरच दिसत नाही. शेतकरी माणूस, फोनवर भांडायला लागला. कुणाचं खरं मानायचं? (जालना)

दोघंही खरं बोलताय. पैसे त्याच्या बँकेतून निघाले, पण ‘झालं’ हा निरोप तुमच्या वेबसाइटपर्यंत पोचला नाही. पैसे भरल्यावर गिऱ्हाईक परत वेबसाइटवर येण्याआधी रेंज गेली, किंवा त्याने अ‍ॅप बंद केलं, की असं होतं. शिवारात उभं राहून पैसे भरणाऱ्याचं हे नेहमीचं आहे.

आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर व्यवहार शोधा. तिथे ‘यशस्वी’ दिसत असेल तर पैसे तुमचेच आहेत, माल पाठवा. ‘अयशस्वी’ असेल तर त्याचे पैसे आपोआप परत गेले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा व्यवहारात जास्तीत जास्त पाच दिवसांची मुदत आहे, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला गिऱ्हाइकाला शंभर रुपये भरपाई मिळते. हे त्याला शांतपणे सांगा, व्यवहार क्रमांक द्या. ‘तुमच्या बँकेत विचारा’ म्हणून फोन ठेवू नका. पेरणीच्या दिवसांत बाराशे रुपये अडकले तर माणूस चिडणारच.

मग वेबसाइट करणाऱ्याला विचारा, ‘वेबहुक लावलाय का?’ वेबहुक म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनवर विसंबून न राहता गेटवेने थेट तुमच्या सर्व्हरला दिलेला निरोप. तो बसवला की असले फोन बरेच कमी होतात.

माझे ऑनलाइन क्लासेस आहेत. महिन्याची फी आपोआप कापली जावी असं काही आहे का? (लातूर)

आहे. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरचा ई-मँडेट. पालक एकदा मंजुरी देतात, नंतर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दरवेळी पिन किंवा ओटीपी न टाकता कापता येते. कापण्याआधी किमान २४ तास पालकांना सूचना जाते आणि ते मंजुरी केव्हाही रद्द करू शकतात. गेटवेला दोनच प्रश्न विचारा. ऑटोपेचा दर वेगळा आहे का? आणि खात्यात पैसे नसल्यामुळे हप्ता फसला तर किती वेळा पुन्हा प्रयत्न होतो? तुमच्याकडे गावाकडून येऊन खोली करून राहणारी मुलं असणार. त्यांच्या घरी पैसा महिन्याला नाही, सोयाबीन विकल्यावर येतो. त्यांना ऑटोपेची सक्ती नको, हंगामात एकदा भरायची लिंक द्या.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद करू का? परत येणारी पार्सलं फार. (परभणी)

एकदम बंद करू नका, आपल्या भागात विक्री पडेल. ऑनलाइन पैसे भरणाऱ्याला वीस-तीस रुपये सूट द्या, आणि हजाराच्या वरच्या ऑर्डरीला शंभर रुपये आगाऊ घ्या. शंभर भरलेला माणूस पार्सल सहसा नाकारत नाही.

लहान मुलांच्या कपड्यांचं ऑनलाइन दुकान आहे. दिवाळीत विक्री चौपट झाली आणि गेटवे कंपनीने ८६,००० रुपये अडकवून ठेवले. बारा दिवस झाले, ‘तपासणी चालू’ एवढंच उत्तर येतं. पैसे बुडाले का? (नांदेड)

तुमची काळजी कळते. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका गिऱ्हाईक ताईंचे सव्वा लाख एका कंपनीने एकवीस दिवस थांबवले होते. त्यांनी नोंदणीत ‘तयार कपडे’ लिहिलं होतं आणि सणात चांदीचे दागिनेही विकायला ठेवले. कंपनीला ते लपवाछपवीसारखं वाटलं. फॉर्म भरून दिला होता मी, आणि ‘पुढे काय काय विकणार?’ हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते.

बुडाले का, हे तपासायला रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची परवानाधारक पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांची, म्हणजे दुकानदारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांची, यादी उघडा आणि तुमच्या कंपनीचं कायदेशीर नाव, म्हणजे करारावरचं नाव, शोधा. २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे अशा कंपनीला व्यापाऱ्यांचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत, ते बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त या पैशांसाठीच्या वेगळ्या खात्यात, ठेवावे लागतात. अर्ज करतानाच तिची निव्वळ मालमत्ता किमान १५ कोटी असावी लागते. नाव यादीत असेल, तर पैसे अडकले आहेत, बुडालेले नाहीत. नसेल, तर आजच नवी विक्री तिच्यामार्फत घेणं थांबवा.

अचानक चौपट विक्री झाली, की कंपनीची यंत्रणा फसवणुकीच्या शंकेने खातं थांबवते. ती शंका कागदांनीच फिटते. अडकलेल्या प्रत्येक ऑर्डरीचं बिल, कुरिअरची पोच आणि माल खरेदीची पावती एका फाइलमध्ये लावा. वेबसाइटवर रिफंड, डिलिव्हरी आणि संपर्काची पानं आहेत ना, बघा. नसणं हेही खातं थांबवण्याचं कारण ठरतं. मग कस्टमर केअरच्या चॅटवर वेळ न घालवता कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ई-मेल करा. तक्रारींसाठी असा अधिकारी नेमणं आणि त्याचा संपर्क संकेतस्थळावर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ई-मेलमध्ये कोणत्या तारखांचे किती रुपये थांबले ते लिहा आणि कराराच्या कोणत्या कलमाखाली, किती दिवसांसाठी थांबवले, असं थेट विचारा.

तोवर दुसऱ्या गेटवेकडे अर्ज करून ठेवा. डिसेंबर २०२२ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने काही बड्या कंपन्यांनाही नवे व्यापारी घ्यायला मनाई केली होती, आणि ती उठायला वर्षभर लागलं. गरज पडल्यावर अर्ज करायला गेलेल्यांची तेव्हा पंचाईत झाली. केवायसीला वेळ लागतो, म्हणून दुसरं खातं आधीच तयार ठेवावं आणि महिन्याला चार-दोन ऑर्डरी त्यावरून जाऊ द्याव्यात.

ई-मेल उद्या सकाळीच पाठवा, आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी मलाही कळवा. काही राहिलं असेल तर मी सांगते.